सर्वात थोर ऑलिंपिकपटू कोण? आधी छेद विचारा

एक प्रयोग करून बघा. हॉस्टेलच्या मेसमध्ये किंवा चहाच्या टपरीवर चार जण बसले असतील तेव्हा सहज विचारा, "आजवरचा सगळ्यात थोर ऑलिंपिकपटू कोण?" पहिलं उत्तर बहुतेक मायकेल फेल्प्स असं येईल. दुसरा म्हणेल, उसेन बोल्ट. तिसरा ध्यानचंदांचं नाव घेईल. त्यात कुणी कराड-कोल्हापूरकडचा असेल तर तो खाशाबा जाधवांना मध्ये आणल्याशिवाय राहणार नाही. अर्ध्या तासानं चहा संपतो, वाद संपत नाही.

आता त्या वादाकडे जरा संशोधक म्हणून बघा. चौघांकडेही माहिती आहे. कुणी खोटं बोलत नाहीये. तरी उत्तरं वेगळी, कारण प्रत्येक जण न सांगता वेगळी मोजपट्टी वापरतोय. एक जण पदकं मोजतोय, दुसरा वेग, तिसरा कौशल्य, चौथा कुठून कुठवर पोहोचला ते अंतर. मोजपट्टी कोणती हे कुणी बोलून दाखवलेलंच नसतं. तुमच्या विषयात 'दोन जिल्ह्यांची तुलना', 'दोन कालखंडांची तुलना' किंवा 'दोन लेखकांची तुलना' असे शब्द असतील, तर नेमका हाच प्रसंग तुमच्यावर सिनॉप्सिस मांडताना येणार आहे. माझ्यावर आला होता. माझ्या सादरीकरणात पहिलाच प्रश्न आला, "तुलना कशाच्या आधारावर?" माझ्याकडे आकडे भरपूर होते, उत्तर नव्हतं. त्यानंतर मी ऑलिंपिकचा इतिहास या एकाच प्रश्नासाठी पुन्हा वाचला. त्यातून जे हाती लागलं ते आज तुमच्यासमोर ठेवते.

पदकं मोजू या

सुरुवात सोप्या मोजपट्टीनं. फेल्प्सची ऑलिंपिक पदकं २८, त्यातली २३ सुवर्ण. या यादीत त्याच्या आसपास कुणी नाही. त्याच्याआधी हा मान सोव्हिएत जिम्नॅस्ट लारिसा लातिनिनाकडे होता. १९५६, १९६० आणि १९६४ या तीन ऑलिंपिकमध्ये तिनं १८ पदकं मिळवली होती आणि तो विक्रम २०१२ पर्यंत टिकला.

आता दुसरं नाव घ्या. क्यूबाचा कुस्तीगीर मिहाइन लोपेझ. ग्रीको-रोमन शैलीत, सर्वात जड वजनगटात, २००८ पासून २०२४ पर्यंत सलग पाच सुवर्ण. एकाच वैयक्तिक प्रकारात सलग पाच ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारा तो पहिलाच. पॅरिसला शेवटची कुस्ती जिंकली तेव्हा त्याचं वय ४१ होतं. बूट काढून मॅटवर ठेवले आणि निघून गेला. पदकांच्या यादीत मात्र तो फेल्प्सच्या कितीतरी खाली.

का? कुस्तीगीर एका ऑलिंपिकला एका वजनगटात, एका शैलीत उतरतो. जिंकला तर एक पदक. जलतरणपटू एकाच आठवड्यात आठ शर्यती पोहू शकतो, आणि फेल्प्सनं २००८ मध्ये बीजिंगला आठही जिंकल्या. दोघांनीही आपापल्या खेळात मिळण्यासारखं सगळं मिळवलं, पण एकाच्या ताटात आठ वाट्या होत्या, दुसऱ्याच्या ताटात एक.

इथवर बहुतेक जण येतात. संशोधकानं पुढचा प्रश्न विचारायचा असतो: या वाट्या मांडल्या कुणी, आणि कधी?

फेल्प्सच्या बीजिंगमधल्या आठ शर्यती अशा होत्या: १०० मीटर बटरफ्लाय, २०० मीटर बटरफ्लाय, २०० मीटर फ्रीस्टाइल, २०० मीटर वैयक्तिक मेडले, ४०० मीटर वैयक्तिक मेडले आणि तीन रिले. आता १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकचा जलतरणाचा कार्यक्रम काढून शेजारी ठेवा. त्यात पुरुषांच्या सहा आणि महिलांच्या पाच, अशा मिळून ११ शर्यती होत्या. फेल्प्सच्या आठांपैकी किती सापडतात? फक्त एक, ४ × २०० मीटर फ्रीस्टाइल रिले. बटरफ्लाय ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र प्रकार म्हणून आला १९५६ मध्ये. मेडले रिले १९६० मध्ये आली, ४०० मीटर वैयक्तिक मेडले आणि ४ × १०० फ्रीस्टाइल रिले १९६४ मध्ये. २०० मीटर फ्रीस्टाइल विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला होती, मग गायब झाली आणि १९६८ मध्ये परत आली.

म्हणजे असं समजा, हाच फेल्प्स, हीच फुप्फुसं, हीच मेहनत, फक्त जन्म पन्नास-साठ वर्षं आधी झाला असता. बीजिंगचे आठ प्रकार घेऊन तो हेलसिंकीला गेला असता तर सात वेळा त्याला सांगावं लागलं असतं की ही शर्यत आपल्याकडे नाही. त्याची थोरवी यानं कमी होत नाही. पण '२८' या आकड्यात एक भाग फेल्प्सचा आहे आणि एक भाग कार्यक्रमपत्रिका ठरवणाऱ्यांचा, हे कळतं.

तुमच्या डेटाला हा प्रश्न लावून बघा. एखाद्या जिल्ह्यात गुन्ह्यांची नोंद वाढली, तर गुन्हे वाढले की पोलीस ठाणी वाढली? एखाद्या दशकात स्त्रियांची आत्मचरित्रं जास्त सापडतात, तर लिहिणाऱ्या वाढल्या की छापणारे? मोजायची वस्तू आणि मोजायची सोय या दोन गोष्टी वेगळ्या करता आल्या पाहिजेत.

छेदात काय आहे?

शाळेत अपूर्णांक शिकवताना अंश आणि छेद शिकवलं होतं. पदकांची यादी म्हणजे नुसता अंश. छेद म्हणजे संधी: किती वेळा उतरला, किती वेळा उतरू शकत होता.

छेद घातला की चित्र लगेच हलतं. फेल्प्स पाच ऑलिंपिकमध्ये मिळून ३० शर्यतींत उतरला आणि २८ पदकं घेऊन आला, म्हणजे शंभरात सुमारे ९३. लातिनिना १९ प्रकारांत उतरली आणि १८ पदकं मिळवली. १९५६ च्या बॅलन्स बीमवर ती चौथी आली, तेवढं एक पदक हुकलं. शंभरात सुमारे ९५. या मोजपट्टीवर लातिनिना पुढे! फक्त सुवर्ण धरलं तर पुन्हा उलटं होतं. फेल्प्सचं प्रमाण ३० पैकी २३, लातिनिनाचं १९ पैकी ९. आणि लोपेझ? सहा ऑलिंपिक, पाच सुवर्ण. २००४ मध्ये अथेन्सला तो पाचवा आला होता, तेवढाच अपवाद. शंभरात ८३. फेल्प्सचे ७७. यादीत कुठेच न दिसणारा माणूस इथे फेल्प्सच्या पुढे जाऊन उभा राहतो.

मग छेद घातला की काम झालं? नाही. रे युरी या अमेरिकी खेळाडूची गोष्ट बघा. लहानपणी पोलिओ झालेला हा माणूस उभ्यानं उड्या मारण्याच्या स्पर्धांत उतरायचा, म्हणजे धाव न घेता जागेवरून लांब उडी, उंच उडी, तिहेरी उडी. १९०० मध्ये तीन सुवर्ण, १९०४ मध्ये तीन, १९०८ मध्ये दोन. आठपैकी आठ, शंभर टक्के. प्रमाणाच्या मोजपट्टीवर तो फेल्प्स, लातिनिना, लोपेझ सगळ्यांच्या वर. पण प्रमाण मोजायचं म्हटलं तर एकदाच उतरून एकदाच जिंकलेल्याचेही शंभर टक्केच होतात. मग तुम्ही म्हणाल, किमान पाच तरी स्पर्धा हव्यात. पाचच का? चार का नकोत? ही रेघ तुम्ही ओढलीत. ओढायला हरकत नाही, पण ती कुठे ओढली आणि का, हे प्रबंधात लिहावं लागेल. शिवाय युरीचे ते खेळ १९१२ नंतर ऑलिंपिकमधून कायमचे गेले, त्यामुळे आज त्याची तुलना करायला समोर कुणी उरलेलं नाही.

जी स्पर्धाच नव्हती

छेदाचा सगळ्यात अवघड भाग म्हणजे जी संधी कधी दिलीच गेली नाही ती. ती कुठल्याच तक्त्यात दिसत नाही, कारण न झालेल्या शर्यतीचा निकाल नसतो.

अमेरिकेची जलतरणपटू केटी लेडेकी हे याचं ताजं उदाहरण. २०१६ मध्ये रिओला तिनं ८०० मीटर फ्रीस्टाइल ११ सेकंदांहून जास्त फरकानं जिंकली. १५०० मीटरचा विश्वविक्रम त्या वेळी तिच्याच नावावर होता. पण रिओमध्ये महिलांची १५०० मीटर शर्यतच नव्हती. पुरुषांची १९०८ पासून होती. महिलांची आली टोकिओत, आणि ती लेडेकीनं जिंकली, २०२४ मध्ये पॅरिसलाही जिंकली. तिची नऊ सुवर्णपदकं आज आपण मोजतो. रिओचं दहावं मिळालं असतं का, याची शक्यता आपण बोलू शकतो, पण ते मोजू शकत नाही.

आणि लेडेकी निदान नशीबवान. १९२८ मध्ये महिलांना ॲथलेटिक्समध्ये पहिल्यांदा प्रवेश मिळाला, तो पाच प्रकारांपुरता. त्यातली ८०० मीटर शर्यत त्या एका ऑलिंपिकनंतर काढून टाकली, ती थेट १९६० मध्ये परत आली. १५०० मीटर १९७२ मध्ये, मॅरेथॉन १९८४ मध्ये, महिलांची कुस्ती २००४ मध्ये. मधल्या काळात लांब पल्ल्याच्या ज्या धावपटू जन्मल्या, त्यांच्या नावापुढे शून्य आहे. ते शून्य त्यांच्या क्षमतेचं नाही. पण यादी तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरला दोन शून्यांतला फरक कळत नाही. तो तुम्हाला कळायला हवा.

युद्धंही छेद खातात. १९४० आणि १९४४ ची ऑलिंपिकं झालीच नाहीत. हंगेरीचा तलवारबाज अलादार गेरेविच १९३२ ते १९६० या काळात झालेल्या सहाच्या सहा ऑलिंपिकमध्ये सेबर प्रकाराच्या सांघिक सुवर्णपदकाचा भागीदार होता, २८ वर्षं. मधली दोन ऑलिंपिकं झाली असती तर? ध्यानचंदांचंही तसंच. १९२८, १९३२, १९३६ अशी तीन सुवर्णं, आणि नंतर बारा वर्षं ऑलिंपिकच नाही.

समोर कोण होतं?

ध्यानचंदांचा विषय निघालाच आहे तर एक अवघड गोष्ट बोलून घेऊ. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हॉकीत किती संघ होते? तीन. भारत, जपान आणि अमेरिका. भारतानं अमेरिकेला २४-१ असं हरवलं. जपाननंही अमेरिकेला हरवलं. म्हणजे अमेरिका दोन्ही सामने हरली आणि कांस्यपदक घेऊन घरी गेली. तिसरा क्रमांक घ्यायला चौथा कुणी नव्हताच.

याचा अर्थ ध्यानचंद थोर नव्हते असा कुणी काढला तर तो घाईचा निष्कर्ष होईल. १९२८ मध्ये ॲम्स्टरडॅमला भारतानं पाच सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही आणि ध्यानचंदांनी एकट्यानं १४ गोल केले. १९३६ मध्ये बर्लिनला अंतिम सामन्यात यजमान जर्मनीला ८-१ नं हरवलं. या दोन पुराव्यांचं वजन १९३२ च्या सुवर्णापेक्षा जास्त आहे. तक्त्यात मात्र तिन्ही सुवर्णं सारखीच. संशोधनात हे सतत करावं लागतं. एकाच रकान्यातले तीन पुरावे समान वजनाचे नसतात, आणि आपल्या लाडक्या निष्कर्षाच्या बाजूचा कमकुवत पुरावा आपणच बाजूला ठेवायचा असतो. परीक्षकानं तो दाखवून देण्याआधी आपण दाखवलेला बरा.

ऑलिंपिकनं स्वतः शोधलेलं उत्तर

आता माझ्या सगळ्यात आवडत्या भागाकडे येते. 'वेगवेगळ्या खेळांची तुलना कशी करायची' हा प्रश्न टपरीवरचा वाटतो, पण ऑलिंपिकनं तो शंभर वर्षांपूर्वीच अधिकृतपणे सोडवायला घेतला. त्या प्रयत्नाचं नाव डेकॅथलॉन.

दोन दिवसांत दहा प्रकार: धावणं, अडथळे, लांब उडी, उंच उडी, बांबूउडी, गोळा, थाळी, भाला वगैरे. एक जण शंभर मीटर ११ सेकंदांत धावतो, दुसरा गोळा १५ मीटर फेकतो. सेकंद आणि मीटर यांची बेरीज कशी करणार? म्हणून गुणांचा तक्ता. प्रत्येक कामगिरीला गुण द्यायचे आणि गुणांची बेरीज करायची. सगळं संशोधन ज्या अडचणीशी झगडतं ती ही: वेगळ्या जातीच्या गोष्टी एका मापात आणणं.

१९१२ च्या तक्त्यात हिशेब सरळ रेषेचा होता. तेवढीच सुधारणा केली की तेवढेच गुण, तुम्ही कुठल्याही पातळीवर असा. आजचा तक्ता १९८५ पासून वापरात आहे आणि तो वेगळा आहे. त्यात शंभर मीटरला १८ सेकंद लागले तर शून्य गुण. १२ सेकंदांवरून ११ वर आलात तर २१० गुण वाढतात. ११ वरून १० वर आलात तर २३५. दोन्हीकडे सुधारणा एकाच सेकंदाची. पण शिखराजवळचा सेकंद जास्त अवघड, म्हणून त्याला जास्त मोल, असा त्यामागचा विचार. हा विचार पटण्यासारखा आहे. पण लक्षात घ्या, तो विचार आहे. माणसांनी बसून ठरवलेला. घड्याळात तो लिहिलेला नव्हता.

आणि तक्ता बदलला की माणसं वर-खाली होतात. तैवानचा सी. के. यांग याची गोष्ट ऐका. १९६० मध्ये रोमला तो केवळ ५८ गुणांनी सुवर्णाला मुकला. १९६३ मध्ये त्यानं ९१२१ गुणांचा विश्वविक्रम केला. बांबूउडीत तो इतका वर गेला की त्याची उडी तक्त्याच्या वरच्या टोकापलीकडे पोहोचली. मग १९६४ च्या ऑलिंपिकआधी नवा तक्ता आला. यांगचे गुण त्यात फार मोठ्या प्रमाणात घसरले. ज्या प्रकारांवर त्याची सगळी भिस्त होती त्यांचंच मोल कमी झालं होतं. टोकिओला तो पाचवा आला. १९६३ ची त्याची उडी होती तेवढीच होती, तरी कागदावरचा विश्वविक्रमवीर वर्षभरात इतरांच्या रांगेत आला होता.

उलटंही घडलं. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला ब्रिटनच्या डेली थॉम्पसनचे ८७९७ गुण झाले. जर्मनीच्या युर्गन हिंग्सेनचा विश्वविक्रम होता ८७९८. एका गुणानं हुकला! पुढे अडथळ्यांच्या शर्यतीचं छायाचित्र पुन्हा तपासलं तेव्हा एक गुण वाढला आणि बरोबरी झाली. मग नवा तक्ता आला. त्या तक्त्यानं मोजलं तर थॉम्पसनचे ८८४७ आणि हिंग्सेनचे ८८३२. ज्या दिवशी थॉम्पसन घामाघूम होऊन मैदानाबाहेर पडला त्या दिवशी तो विक्रमवीर नव्हता. नंतर घरी बसल्या बसल्या झाला.

प्रबंध लिहिताना तुम्ही 'निर्देशांक' तयार कराल, पाच घटकांना वजन द्याल, बेरीज कराल. तेव्हा यांग आणि थॉम्पसन यांना आठवा. तुमच्या वजनांमुळे कोण वर जातंय आणि कोण खाली, हे स्वतः तपासून बघा. वजनं थोडी बदलून तोच हिशेब पुन्हा करा. क्रम टिकला तर निष्कर्षात दम आहे. क्रम उलटला तर तुम्हाला सापडलेली गोष्ट जगातली नसून तुमच्या तक्त्यातली आहे.

आकडा कोणत्या तारखेचा?

डेकॅथलॉनचा पहिला मोठा नायक जिम थॉर्प. अमेरिकेतल्या सॅक अँड फॉक्स या मूलनिवासी समाजाचा. १९१२ मध्ये स्टॉकहोमला त्यानं पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन दोन्ही जिंकले. डेकॅथलॉनमध्ये दुसऱ्या आलेल्या ह्यूगो विसलांडरपेक्षा तो जवळपास सातशे गुणांनी पुढे होता.

१९१३ च्या जानेवारीत एका वृत्तपत्रानं बातमी दिली की १९०९-१० मध्ये थॉर्प पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. हौशी खेळाडूंचा नियम मोडला म्हणून त्याची दोन्ही सुवर्णं काढून घेतली. आता त्याच्या नावापुढे शून्य. १९५३ मध्ये तो वारला, तेव्हाही शून्यच होतं.

पुढचा भाग तुमच्या-माझ्यासाठी महत्त्वाचा. थॉर्पचे चरित्रकार रॉबर्ट व्हीलर आणि त्यांच्या पत्नी फ्लॉरेन्स रिडलॉन यांनी अमेरिकेच्या काँग्रेसच्या ग्रंथालयातून १९१२ च्या ऑलिंपिकची नियमपुस्तिका शोधून काढली. तिच्यात स्पष्ट लिहिलं होतं की आक्षेप ३० दिवसांच्या आत नोंदवला पाहिजे. थॉर्पवरचा आक्षेप सहा महिन्यांनी आला होता. नियम मोडल्याबद्दल शिक्षा करणाऱ्यांनी स्वतःचाच नियम मोडला होता! १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं थॉर्पला सुवर्णं परत दिली, पण 'संयुक्त विजेता' म्हणून. एकमेव विजेता म्हणून त्याचं नाव लागलं ते जुलै २०२२ मध्ये, विजयानंतर बरोबर ११० वर्षांनी.

म्हणजे 'थॉर्पची सुवर्णपदकं किती' या साध्या प्रश्नाचं उत्तर १९१२ ला दोन, १९१३ ला शून्य, १९८२ ला संयुक्त दोन, २०२२ ला दोन. बोल्टची सुवर्णपदकं २०१६ मध्ये नऊ होती. २००८ च्या रिलेतला त्याचा सहकारी उत्तेजक चाचणीत अडकला आणि २०१७ मध्ये ती आठ झाली. युरीची सुवर्णं आठ की दहा, हे १९०६ ची अथेन्सची स्पर्धा ऑलिंपिक मानायची की नाही यावर ठरतं. समिती मानत नाही, म्हणून आठ. आणखी मागे जा. १८९६ मध्ये पहिल्या क्रमांकाला रौप्यपदक दिलं जायचं. सुवर्ण-रौप्य-कांस्य ही पद्धत १९०४ मध्ये आली. आजच्या तक्त्यात १८९६ ची जी 'सुवर्णं' दिसतात ती नंतर लावलेली लेबलं आहेत.

तेव्हा डेटा उतरवून घेतलात की वहीत दोन गोष्टी लिहा: कुठून घेतला आणि कोणत्या तारखेला. कंटाळवाणं वाटतं, पण तीन वर्षांनी प्रबंध लिहायला बसाल तेव्हा स्वतःचेच आभार मानाल.

मग उत्तर काय?

एवढं सगळं ऐकून काही जण म्हणतात, "म्हणजे तुलना करताच येत नाही. सगळं सापेक्ष." हा निष्कर्ष आळशी आहे, त्याला फसू नका. मोजपट्ट्या अनेक आहेत म्हणून सगळ्याच सारख्या चांगल्या ठरत नाहीत.

मला पटलेला मार्ग असा. आधी खेळाडूची तुलना त्याच नियमांत, त्याच दिवशी, त्याच्या शेजारी उभ्या असलेल्यांशी करायची. तिथे माप एकच असतं. मग त्या तुलनेतून निघालेलं अंतर किती मोठं आणि किती वर्षं टिकलं, हे खेळाखेळांत ताडून बघायचं. थॉर्पचे गुण १९१२ च्या तक्त्यानं ८४१२ होतात आणि आजच्या तक्त्यानं ६५६४. आकडा कोसळला. पण दुसऱ्या क्रमांकापासूनचं त्याचं अंतर दोन्ही तक्त्यांत प्रचंडच राहतं. मोजपट्टी बदलूनही जे टिकतं त्यावर विश्वास ठेवायचा.

या कसोटीवर फेल्प्स टिकतो: पदकसंख्येवर, प्रमाणावर, सातत्यावर, सगळीकडे तो वरच्या फळीत आहे. लोपेझही टिकतो, फक्त पदकसंख्या सोडून, आणि ती तर त्याच्या खेळात कुणालाच मिळू शकत नाही. दोघांतला एक निवडा म्हणाल तर मी लोपेझ म्हणेन, कारण चार वर्षांतून एकच संधी मिळणाऱ्या माणसाला चुकायला जागा नसते. तुम्हाला हे पटलं नाही तर हरकत नाही. पण आता तुम्ही माझ्याशी नेमक्या कोणत्या वाक्यावर भांडायचं हे तुम्हाला माहीत आहे. संशोधनातला चांगला युक्तिवाद असाच असावा लागतो, समोरच्याला खोडायची जागा दाखवून देणारा.

आणि खाशाबा

टपरीवरच्या त्या चौथ्या मुलाकडे परत येऊ. त्याच्या म्हणण्याला इतर तिघे हसतात. एक कांस्य, आणि थोर?

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीच्या आखाड्यात घडले. १९४८ मध्ये लंडनला मॅटवर उतरले आणि सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकीसाठी गावकऱ्यांकडून आणि हितचिंतकांकडून पैसे गोळा करावे लागले. तिथे फ्रीस्टाइल कुस्तीच्या ५७ किलो वजनगटात त्यांनी कांस्य मिळवलं. सुवर्ण जपानच्या शोहाची इशीला, रौप्य सोव्हिएत संघाच्या रशीद मामादबेयोव्हला. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला ४४ वर्षं लागली, १९९६ मध्ये लिअँडर पेसचं. महाराष्ट्राला पुढच्या वैयक्तिक पदकासाठी ७२ वर्षं थांबावं लागलं, पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत कांस्य मिळवेपर्यंत.

तक्त्यात १९३२ चं अमेरिकेचं हॉकीतलं कांस्य आणि १९५२ चं जाधवांचं कांस्य, दोन्ही '१' असंच लिहिलं जातं. एक दोन्ही सामने हरून मिळालेलं, दुसरं ज्यासाठी पुढची ४४ वर्षं एका अख्ख्या देशाला वाट बघावी लागली. जाधव फेल्प्सपेक्षा थोर होते, असं मी म्हणत नाही. जे कुठून निघाले आणि काय हाती घेऊन निघाले ते मोजायचं असेल, तर पदकतक्ता त्यासाठी बनवलेलाच नाही, एवढं म्हणते. तो चौथा मुलगा चुकीचं नाव घेत नव्हता. त्याला फक्त आपली मोजपट्टी शब्दांत मांडता येत नव्हती.

तुमचा सिनॉप्सिस आज रात्री उघडा. जिथे जिथे 'जास्त', 'कमी', 'सर्वाधिक', 'प्रभावी', 'महत्त्वाचा' असे शब्द आहेत तिथे पेन्सिलनं खूण करा आणि प्रत्येकाशेजारी समासात लिहा: कशानं मोजलं, छेद काय, समोर कोण होतं, कोण मोजणीबाहेर राहिलं, आणि आकडा कोणत्या तारखेचा. ज्या शब्दापुढे काहीच लिहिता आलं नाही, तो शब्द खोडा किंवा त्याच्यासाठी पुन्हा ग्रंथालयात जा. नियमपुस्तिका कदाचित तिथेच कुठल्या तरी कपाटात पडलेली असेल.